लहान विद्यापीठात शिकताना: कुठे जावे, कोणाला भेटावे, काय आधी करावे

सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि आजही ते एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये नाव बदलून ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ झाले. अशा विद्यापीठात विषयांचे पर्याय थोडे असतात, पण अधिष्ठात्यांचे दालन दोन मजले चढले की सापडते. तिथे कसे वागावे, हे मोठ्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून कळत नाही. पुढचे बरेचसे गडचिरोलीचे गोंडवाना किंवा इतर लहान विद्यापीठांनाही लागू आहे.

नाव आधी जुळवा

प्रवेश झाला की पहिले काम म्हणजे दहावीचे गुणपत्रक, आधार आणि बँक खाते या तिन्हींवरचे नाव ताडून पाहणे. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते, आधारवर बहुतेकदा शेवटी. त्यात ‘साहेब’, ‘राव’ यांची भर किंवा इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा जास्तीचा ए. एबीसी आयडी हा क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे श्रेयांक) जमा होणाऱ्या खात्याचा १२ अंकी क्रमांक, तो डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अॅपमधून काढावा लागतो आणि डिजिलॉकर नाव आधारवरून घेते. विद्यापीठाच्या नोंदीत वेगळे नाव असेल तर क्रेडिट खात्यावर चढत नाहीत आणि हे लक्षात येते ते थेट शेवटच्या वर्षी. दुरुस्ती करायची ती आधारमध्ये, दहावीच्या नावाप्रमाणे. उलट्या दिशेने जाणे फार खटपटीचे आहे. जुन्या मोबाइल क्रमांकावर आधीच डिजिलॉकर उघडलेले असेल तर तेच चालू करा, दुसरे काढू नका.

आधीच्या पिढीसाठी एक सूचना: कोणत्याही अर्जात विद्यापीठाचे नाव पदवीवर छापले आहे तसेच लिहावे, आजचे नाही. पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्ट कोल्हापूरहूनच मिळते. सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या कार्यालयात खेप घालून उपयोग नाही.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत पैसे अडकण्याचे नेहमीचे कारण बँक असते. खात्याला आधार ‘जोडलेले’ असणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे त्या खात्याची नोंद असणे वेगळे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे जी बँक दिसेल, रक्कम तिथेच जाणार, मग अर्जात कोणतेही पासबुक जोडा. अर्ज भरल्यावर महाविद्यालयाच्या लॉगिनवरून तो पुढे गेला का, हे दर आठवड्याला तपासा. ‘सेंड बॅक’ झालेला अर्ज त्रुटी काढून पुन्हा पाठवेपर्यंत तिथेच पडून राहतो.

विषय निवडताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत पदवीच्या एका वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट धरतात, तीन वर्षांना १२० ते १३२. तासिकेचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३०. कागदावर मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीच्या दुय्यम, विषयांची यादी लांबलचक असते, पण एका विषयाला एकच शिक्षक असला तर पुढच्या सत्रात तो विषय चालेलच असे नाही. म्हणून यादी पाहून विषय घेऊ नका. विभागप्रमुखांना सरळ विचारा, ‘हा विषय चौथ्या सत्रापर्यंत कोण शिकवणार?’ उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा घ्या. नसलेला विषय ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून करता येतो. नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तसे चालतात, पण तो अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केलेला हवा आणि ही मान्यता नाव नोंदवण्याआधीच लेखी घ्यावी. परीक्षा झाल्यावर गेलात तर प्रमाणपत्र मिळेल, क्रेडिट मिळतीलच असे नाही.

दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाचे ४ क्रेडिट असतात, म्हणजे १२० तास. इथे लहान गावाची सोय कामी येते. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग आहेत, आजूबाजूला साखर कारखाने आहेत. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख काही तासांत गाठता येतो. मात्र पत्र विभागाकडून नेमक्या माणसाच्या नावाने न्या. ‘व्यवस्थापक यांस’ असे मोघम पत्र फाइलमध्ये पडते.

ग्रंथालय आणि मार्गदर्शक

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हणतात, पाटीवर ते नाव दिसले तर गोंधळू नका. कपाटे मोजून निराशही होऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. लेख उघडल्यावर पैसे मागत असेल तर बहुधा तुम्ही मोबाइलच्या डेटावर असता. प्रकाशक विद्यापीठाचे नेटवर्क ओळखून दार उघडतो. परिसरातल्या वाय-फायवर पाहा, आणि घरून वाचायला लॉगिन मिळते का हे ग्रंथपालांना विचारा. प्रबंधांसाठी शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह आहे, तिला कसलेच लॉगिन लागत नाही.

पीएचडीचा मार्गदर्शक शोधताना यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांतले एका वेळच्या विद्यार्थ्यांचे कमाल आकडे लक्षात ठेवा: प्राध्यापक ८, सहयोगी प्राध्यापक ६, सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. लहान विभागात म्हणजे एखादीच जागा मोकळी असते. ‘विद्वान’ या संकेतस्थळावर शिक्षकांचे लेख पाहा, त्यांतला एक खरोखर वाचा आणि दोन पानी टिपण घेऊन भेटा. ‘कोणताही विषय चालेल’ असे म्हणणाऱ्याला कोणी उभे करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

निकाल आणि तक्रार

गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, पुनर्मूल्यांकनाचा विचार नंतर. छायाप्रतीत तीन गोष्टी बघा: न तपासलेले उत्तर, बेरजेची चूक, गहाळ पुरवणी. मुदत परिपत्रकात दिलेली असते. ती ऑनलाइन निकालाच्या दिवसापासून मोजली जाते असे धरूनच चाला, गुणपत्रक हातात येण्याची वाट पाहू नका. अर्जाची पोच शिक्का मारून घ्यावी. तोंडी ‘बघतो’ला आवक क्रमांक नसतो.

बाकी तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या विद्यार्थी-तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते आणि त्यांनी ते ३० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. नुसते ‘गुण वाढवून द्या’ म्हणणारा अर्ज लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठराविक अनियमितता किंवा भेदभावाचा ठराविक प्रसंग दाखवावा लागतो, म्हणून छायाप्रतीतल्या त्या पानाचा क्रमांक अर्जातच लिहा.