सागाखालचा पांढऱ्या गोंड्याचा लव्हाळा

पावसाळ्यात नागपूरजवळ गोरेवाड्याच्या जंगलाकडे फिरायला गेलात, की या वेळी मान वर करून मोर शोधू नका, खाली पाहा. वीतभर हिरवळीत वाटाण्याएवढा पांढरा गोंडा दिसला, तर ते गवत नव्हे. तो किलिंगा नावाचा लव्हाळा, आपल्या शेतातल्या मोथ्याचा भाऊबंद.

तरी गोंड्यावर विश्वास ठेवू नका, आधी दांडा हातात घ्या. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. तीन कडा बोटांना लागतात, दांडा सरळ फिरतच नाही. गवताचा दांडा गोल, बहुतेकदा पोकळ, आणि मधूनमधून त्याला पेरं. लव्हाळा आतून भरीव, बुडापासून गोंड्यापर्यंत एकही पेर नाही. गवताची पानं दोन बाजूंना निघतात, याची तीन बाजूंना. पान दांड्याला कवटाळतं तिथे नखाने हळूच सोडवून पाहा: गवताचं म्यान एका बाजूने उघडं असतं, याचं बंद नळीसारखं, त्यामुळे फाटतंच. (तळ्याकाठचे काही लव्हाळे गोल दांड्याचेही असतात. अंबाझरीला जाऊन माझ्या नावाने बोंब मारू नका बाप्पा!)

आता गोंडा. त्याच्याखाली पानांसारखीच तीन-चार सहपत्रं आडवी पसरलेली दिसतील. मुख्य गोंडा एकच, गोल, पांढरा आणि जमिनीत आडवं धावणारं खोड असेल तर किलिंगा नेमोरालिस. दांड्यांचा झुपका, त्यांचं बूड फुगीर आणि गोंडे दोन-तीन एकत्र चिकटलेले, तर किलिंगा बल्बोसा. गोंडा हिरवट असेल तर बहुधा ब्रेविफोलिया, तो उघड्या ओलसर जागी जास्त.

जागा ओळखणं मला तर जास्त महत्त्वाचं वाटतं. सागाची सावली विरळ पडते तिथे, पायवाटेच्या कडेला, नाल्याकाठी अर्जुनाखाली ओल टिकते तिथे बघा. जुलैअखेर ते सप्टेंबर हे दिवस बरे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की वरचं सगळं वाळून जातं, तेव्हा शोधण्यात अर्थ नाही.

पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या, घोणस पटकन दिसत नाही. राखीव जंगलातून रोप उपटायचं नाही. फोटो मात्र तीन काढा: गोंडा सहपत्रांसकट, दांडा जवळून, आणि माती बोटाने जरा बाजूला सारून बूड. नुसत्या गोंड्याचा फोटो पाठवून नाव विचारलंत, तर मी सांगणार नाही.