घरच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवायचा का? आणायच्या आधी हे बघा

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे आधी सांगून टाकतो. तलंग (तरुण कोंबडी) वयात आली की अंडी घालणारच, कोंबडा असो नसो. तरी दर दुसरा माणूस विचारतोच की नर नाही तर अंडी कशी देतात. कोंबडा लागतो पिल्लांसाठी. तेव्हा पिल्लं काढायची नसतील तर उगाच खाणारं एक तोंड वाढवू नका.

पिल्लं काढायचीच असतील तर तुमच्याकडे कोंबड्या कुठल्या आहेत ते बघा. गावरान असेल तर ती खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, तिच्याखाली अंडी ठेवली की 21 दिवसांनी पिल्लं, बाकी सगळं ती बघते. गिरिराज, वनराज वगैरे सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे इनक्युबेटर आला आणि लाइट गेली की जिवाला घोर आला, आणि मुळात ही संकरित जात, घरी काढलेली पिल्लं आईबापासारखी निघतील याची खात्री नाही. अशा कोंबड्यांसाठी कोंबडा आणणं मला तरी पटत नाही.

मग संख्या. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हा हिशोब धरा. तीन-चारच असतील तर तो त्यांनाच दिवसभर पिडतो, पाठीची आणि मानेमागची पिसं उपटून कातडी उघडी पडते आणि त्याच्या नखांनी जखमा होतात. छोट्या गावरान कोंबड्यांत भारी वजनाचा वनराज कोंबडा सोडला तर आणखी वाईट. आणि दोन कोंबडे नकोतच, जागा भरपूर असेल तरच.

आता आरवणं. लोकांना वाटतं सकाळी एकदा आरवला की झालं. तो पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतो, दिवसभरही अधूनमधून चालूच. खुराड्यावर पोतं टाकून अंधार केला तर थोडा फरक पडेल, पण वेळ त्याला आतूनच कळते, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात ते उगाच नाही. शेतात, वाडीत घर असेल तर प्रश्न नाही. पण भिंतीला भिंत लागून घर असेल तर आणायच्या आधीच शेजारच्या काकूंशी बोलून घ्या, आधी विचारलं की माणसं बरंच सहन करतात. कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ आहे आणि आपलं कोंबडं नेमकं त्याच वेळेत गळा काढणार.

फायदेही आहेत हां. वर घार दिसली की चांगला कोंबडा वेगळाच आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या झुडपाखाली पळतात. मुंगूस किंवा कुत्र्यापुढे मात्र त्याचं फार चालत नाही, त्यासाठी खुराड्याची जाळीच मजबूत हवी.

निवडताना तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, बोटं सरळ आणि मागची बाजू कोरडी आहे का बघा. पण मी सगळ्यात आधी स्वभाव बघतो. मूठभर दाणे टाका आणि थांबा. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो, कुक-कुक करत कोंबड्यांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत स्वतः खात नाही. जो एक पंख खाली घासत तिरका तिरका तुमच्या पायावर चालून येतो तो कितीही देखणा असला तरी सोडा, घरात लहान पोरं असतील तर नक्कीच, पायामागचा काटा डोळ्याला लागला तर महागात पडेल. आणि आपल्याच कोंबड्यांचा भाऊ किंवा पोरगा ठेवू नका, दुसऱ्या गावातला आणा.

आणल्यावर लगेच कळपात सोडायचा नाही. तीन-चार आठवडे लांब वेगळा ठेवा, मानमोडी (कोंबड्यांचा जीवघेणा रोग) एकदा शिरली तर खुराडं रिकामं करते. लसीचं आणि जंताच्या औषधाचं गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मग काही दिवस जाळीपलीकडे आणि शेवटी संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बसल्यावर आत.

कोंबडा आला की अंडी रोजच्या रोज उचलायची. आपल्याकडे उन्हाळ्यात 40 च्या वर पारा जातो, त्यात फळलेलं (कोंबड्यामुळे पिल्लू होऊ शकेल असं) अंडं ओट्यावर पडून राहिलं तर आत जीव धरायला लागतो, फ्रिजमध्ये ठेवलं की थांबतं. बिनकोंबड्याचंच अंडं खाणारी माणसं घरात असतील तर त्यांनाही आधी विचारा, नंतर भांडण नको.

एवढं वाचून मन डळमळत असेल तर कोंबडा उसना आणा. फक्त तब्येतीची खात्री असलेल्याच घरचा. आठवडाभर कळपात ठेवून परत केला तरी पुढे साधारण आठ-दहा दिवस अंडी फळलेली मिळतात. त्याहून सोपं म्हणजे ज्याच्याकडे कोंबडा आहे त्याच्याकडून दहा-बारा ताजी अंडी आणायची, फ्रिजमधली नको आणि आठवड्याच्या आतली, आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघा, लाल शिरा दिसल्या तर अंडं चालू, नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका.

आणि निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडेच असणार. ते मोठे होऊन एकमेकांना फाडायच्या आत विकायचे की आखाडात घरीच कापायचे हे पोरांनी त्यांना नावं ठेवायच्या आधी ठरवा.