मॉड्युलर पॅचमधून आवाज येत नसेल तर काय तपासावं

मॉड्युलर सिंथचा, म्हणजे सुटे मॉड्यूल केबलनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, आवाज गेला की हात आधी व्हॉल्यूमच्या नॉबकडे जातो. दोष बहुतेकदा तिथे नसतो. पॅचमध्ये, म्हणजे केबलनी केलेल्या जोडणीत, दोन वाटा असतात: एक आवाजाची, दुसरी आवाज किती सोडायचा हे ठरवणाऱ्या व्होल्टेजची, म्हणजे सीव्हीची. त्या वेगवेगळ्या तपासाव्यात.

उदाहरणाला आपलं घुमट, म्हणजे गोव्याचं चामड्याने मढवलेलं मातीचं तालवाद्य, घेऊ. माइक प्रीअँपमधून (माइकचा सिग्नल वाढवणारा) एन्व्हलप फॉलोअरमध्ये (थापेच्या जोराप्रमाणे सीव्ही देणारा), फॉलोअरची सीव्ही व्हीसीएला (सीव्हीप्रमाणे आवाज सोडणारा अँप्लिफायर), ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा) व्हीसीएच्या इनपुटला, व्हीसीए आउटपुट मॉड्यूलला. थाप पडताच ऑसिलेटर वाजायला हवा, पण वाजत नाही.

१. हेडफोन कानावरून उतरवा, आउटपुट शून्यावर आणा. व्हीसीएच्या आउटपुटमधलं केबलचं टोक काढून थेट ऑसिलेटरला लावा आणि आउटपुट हळूहळू वाढवा. आवाज आला तर पुढचं सगळं ठीक आहे. नाही आला तर आधी केबल बदला, मग म्यूट बघा.

२. आउटपुट पुन्हा शून्यावर आणून केबल व्हीसीएला परत जोडा. सीव्हीची केबल काढा आणि बायसचा (सीव्हीशिवाय व्हीसीए किती उघडा राहील हे ठरवणारा) नॉब फिरवत आउटपुट वाढवा. तो नॉब नसेल तर स्थिर व्होल्टेज देणाऱ्या ऑफसेट मॉड्यूलमधून ५ व्होल्ट द्या. आता वाजलं, म्हणजे दोष सीव्हीच्या वाटेवर. शून्य व्होल्टला व्हीसीए बंद राहणारच.

३. इथे मात्र घाई नको. डायनॅमिक माइकमधून काही मिलिव्होल्टच निघतात. ५ मिलिव्होल्टचे ५ व्होल्ट करायला हजारपट, म्हणजे ६० डेसिबल वाढ लागते. थापेसरशी फॉलोअरचा दिवा ठळक पेटेपर्यंत प्रीअँपचा गेन वाढवा. मध्ये अटेन्युव्हर्टर (सीव्ही कमी किंवा उलटी करणारा नॉब) असेल तर त्याचा शून्य मधोमध असतो. डावीकडे फिरवला की सीव्ही उलटी होते आणि थापेला व्हीसीए उघडतच नाही. हलकी थाप गायब होत असेल तर व्हीसीए लिनिअरवर, म्हणजे सीव्हीच्या सरळ प्रमाणात उघडणाऱ्या सेटिंगवर, ठेवा.

आवाज थांबतच नसेल तर बायस खाली आणा. तरीही थांबला नाही तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून व्हीसीए उघडा ठेवतोय. स्पीकर दूर न्या, माइक घुमटाच्या चामड्यापासून वीतभरावर ठेवा आणि गेन उतरवा.

आवाज फाटतोय? युरोरॅकचा (मॉड्युलर सिंथचा प्रचलित प्रकार) सिग्नल साधारण ±५ व्होल्ट असतो, तर मिक्सरला अपेक्षित व्यावसायिक लाइन पातळीचं शिखर १.७ व्होल्टच्या आसपास. सुमारे ९ डेसिबल आउटपुट मॉड्यूलवरच कमी करा. मिक्सरचा फेडर उतरवून फाटलेला इनपुट सुधारत नाही. दोन आउटपुट साध्या मल्टिपलमध्ये (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारं मॉड्यूल) एकत्र करू नका, त्यासाठी मिक्सर मॉड्यूल वापरा.

गोव्याच्या पावसाळ्यात जॅक आणि नॉब खरखरतात, कारण दमट हवेत संपर्क काळे पडतात. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा, पूर्ण सुकू द्या. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. सफाईसाठी मॉड्यूल काढलं असेल तर वीज पुरवणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड −१२ व्होल्टच्या बाजूला आहे ना, हे वीज सुरू करण्याआधी बघा. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं.