जुनी गाडी घरीच दुरुस्त करून नव्यासारखी करताना रंग सगळ्यात शेवटी

बहुतेकांचा हात आधी रंगाकडे जातो. तो आवरा. पहिल्या दिवशी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवा: दरवाज्याखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पायाखालचा पत्रा. लोखंडी बॉडीवर चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हर हलकेच टोचा. आरपार गेला तर काम किती मोठं आहे ते तिथेच कळतं.

गाडी एकदम सगळी खोलू नका. एक भाग खोला, फोटो काढा, नट-बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. ‘लक्षात राहील’ असं मीही म्हटलं होतं. डायनॅमो बसवून झाला आणि एक वायसर हातात उरला! खाली शिरायचं असेल तर जॅक फक्त उचलायला. गाडीचा भार स्टँडवरच हवा.

इंजिन अनेक वर्षं बंद असेल तर चावी फिरवू नका. स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकाचं, पट्टा फिरवणारं चाक) बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. आधी पाना नुसताच अडून बसतो. मग आत काहीतरी सुटल्याचं बोटांना जाणवतं आणि प्लगच्या भोकांतून फुसफुस ऐकू येते. नाहीच हललं तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. पान्याला पाइप लावून जोर केलात तर पिस्टन रिंग तुटायची. इंजिन मोकळं झालं की डिंकासारखं झालेलं जुनं पेट्रोल काढा, कार्बोरेटर जेटसकट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तोट्या) धुवा, ऑइल बदला.

सुरू झालं म्हणून रस्त्यावर नेऊ नका, आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबरी नळ्या वरून धड दिसल्या तरी आतून फुगून बंद झालेल्या असू शकतात, सगळ्या बदला. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता पत्रा. कापण्याआधी दरवाज्याच्या फटी मोजून ठेवा आणि चौकटीत आडवे बार लावा, नाहीतर बॉडी वाकते आणि दरवाजा लागत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. उघडा पत्रा रात्रभर तसाच सोडू नका. त्याच दिवशी प्रायमर मारा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो कोरडा घासू नका. मास्क लावून, पाणी मारत घासा.