पंपाचा जुना पितळी स्टो: आधी टाकी, मग वॉशर, चकाकी शेवटी

माळवदाच्या घरात अडगळीत सापडलेला किंवा छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवार बाजारातून आणलेला स्टो लगेच घासायला घेऊ नका. टाकी हवा धरत नसेल तर तो नुसता शोभेचा.

ओळखायला टाकीवरची अक्षरं वाचा. प्रायमस, ऑप्टिमस, रेडियस ही स्वीडनची नावं. प्रायमसच्या टाकीवर १९११ पासून वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं. ए म्हणजे १९११. बर्नरवर एकच सपाट चकती असेल तर तो आवाजी, भोकं पाडलेल्या दोन टोप्या असतील तर बिनआवाजी. टोप्या हरवलेला बिनआवाजी स्टो घेऊ नये, जोडी जुळवताना दमछाक होते.

टाकीत जुनं रॉकेल असतं, म्हणून गरम साबणपाण्याने तीन-चारदा धुवा. पोचा चालतो, चीर चालत नाही. चीर किंवा सुटलेला डाग (झाळून केलेला जोड) दिसला तर तांबटाला दाखवा. डाग देताना टाकीत रॉकेलचा वासही नको.

बर्नर जाम असतो. आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवा. सोडवताना पान्याने खालची नळी धरा. पाय धरून पिळलात तर पायांचा डाग सुटतो.

पंपाच्या दांड्याला चामड्याची वाटी असते. ती शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर भिजवा, कडा बोटांनी पसरवा आणि वाटीचं तोंड टाकीकडे ठेवून बसवा. खाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं.

खरी गोम पंपाच्या नळीच्या तळाशी आहे. तिथल्या एकतर्फी व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि बुचाचा इवलासा तुकडा असतो. तो कडक झाला की पंपाचा दांडा आपोआप वर येतो आणि रॉकेल पंपात चढून जाळाजवळ झिरपतं. स्टो भडकण्याचं हे एक मोठं कारण. लांब पान्याने व्हॉल्व्ह काढा, नायट्राइल रबराचा तुकडा घाला, शिशाचं वॉशर नवं टाका. झाकणालाही नायट्राइलच, साधं रबर रॉकेलने फुगतं.

आता बर्नरऐवजी नळीवर आटे जुळणारी बंद टोपी आवळा, दहा वेळा पंप मारा आणि रिकामी टाकी बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर पुढे जाऊ नका.

बर्नरचा काळपटपणा काढायला लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व पुरतं. पंधरा मिनिटांत बाहेर काढा. जास्त ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं, म्हणजे त्यातलं जस्त निघून जातं. निपलमध्ये, म्हणजे रॉकेलची वाफ सुटते त्या बारीक भोकात, बारीक पिनच घाला. जाड तार खुपसली की भोक मोठं होतं, मग ज्योत कायमची पिवळी आणि भांडी काळी.

पहिल्यांदा अंगणातच पेटवा, वाळूची बादली जवळ ठेवा. टाकी पाऊण भरा, गाळलेलं रॉकेल घाला. पेट्रोल कधीच नको. हवा सोडायचा स्क्रू सैल ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट पेटवा. ते संपत आलं की स्क्रू आवळून दोन-तीन पंप मारा. निळी ज्योत धरली की आणखी दहा. पिवळा जाळ उंच उठला तर बर्नर तापला नाही: स्क्रू सैल करा, विझू द्या, गार झाल्यावर पुन्हा स्पिरिट घाला.

हे सगळं जमलं की चिंच-मीठ घ्या. नंतर स्टो धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर आट्यांत हिरवा कळंक चढतो.