प्रोजेक्टवरची जेआरएफ म्हणजे पीएचडी नव्हे

जाहिरातीत 'जेआरएफ' (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारं विद्यावेतन) दिसलं की लगेच सीव्ही पाठवू नका. आधी ती कुठली जेआरएफ आहे ते बघा. सीएसआयआर किंवा यूजीसीची नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा काढून मिळालेली जेआरएफ तुमच्या नावावर असते. दुसरी प्रोजेक्टची: सरांना ग्रँट मिळाली, त्यात एक जागा मंजूर झाली, त्या जागेवर तुम्ही. 2023 पासून दोन्हीकडे महिन्याला 37,000 रुपये अधिक घरभाडं एवढेच मिळतात, म्हणून फरक पैशात कळत नाही. तो प्रोजेक्ट संपल्यावर कळतो.

जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते: पद निव्वळ तात्पुरतं, प्रकल्पाच्या मुदतीपुरतं. प्रोजेक्ट बहुधा तीन वर्षांचा, आणि ही तीन वर्षं प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून मोजतात, तुम्ही रुजू झाल्यापासून नाही. जाहिरात, मुलाखत, ऑर्डर यात नऊ महिने गेले, तर तुमच्या वाट्याला सव्वादोन वर्षं. इकडे पीएचडी यूजीसीच्या 2022 च्या नियमानुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षांची, आणि तिचं घड्याळ प्रवेश झाल्यावरच सुरू होतं. तो प्रवेश विद्यापीठाच्या प्रक्रियेतून, म्हणजे पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट आणि मग मुलाखत. प्रवेश वर्षभर लांबला, तर ते वर्ष पीएचडीच्या मुदतीत धरत नाहीत. मग पगार थांबलेला आणि प्रबंध अर्ध्यावर. 'आधी कामाला तर लाग, नोंदणीचं बघू' असं म्हणणारे गाइड वाईटच असतात असं नाही, पण त्या वाक्यावर माझा तरी विश्वास नाही.

मुलाखतीआधी ईमेलमध्ये सरळ विचारा: प्रोजेक्ट कुठल्या तारखेला संपतो? तुमच्याकडे पीएचडीची जागा रिकामी आहे का? याच फेरीत नोंदणी होईल का? प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. हे सरांना विचारणं अवघड वाटत असेल तर लॅबमधल्या सीनियरला चहाला न्या, सगळं कळतं.

घाबरून प्रोजेक्ट टाळायचाही नाही. नेट अजून निघाली नसेल तर वर्षभरात उपकरणं हाताखालून जातात आणि शिफारसपत्र लिहिणारं माणूस मिळतं. फक्त शिरताना तारीख ठाऊक हवी.

नेटमध्ये जेआरएफ नाही पण पीएचडी प्रवेशासाठी पात्र, असा निकाल असेल तर ते गुण एकच वर्ष चालतात. प्रवेशात त्यांना 70 टक्के वजन, मुलाखतीला 30.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही पीएचडीची नोंदणी झालेल्यांनाच मिळतात. त्यामुळे नोंदणीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, आणि त्यावरची तारीख स्पष्ट वाचता येते ना ते बघा.