दात शिवशिवतात? मग या चुका टाळा

थंड पाण्याचा घोट घेतला आणि दातातून सणक गेली, की आपण काय करतो? दुसऱ्या बाजूने प्यायला लागतो. मीही वर्षभर हेच केलं. वरच्या डाव्या सुळ्याला गार लागू द्यायचं नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तपासताना डेंटिस्टने विचारलं तेव्हा कुठे आठवलं.

ही सणक येते कुठून, ते आधी बघू. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्याला संवेदना नसते. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये मात्र हजारो बारीक नळ्या असतात, नसेच्या दिशेने जाणाऱ्या. इनॅमल झिजलं किंवा हिरडी सरकून मूळ उघडं पडलं, की या नळ्यांची तोंडं मोकळी होतात. गार, गोड, आंबट लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि नस बोंब मारते.

माझी चूक होती जोराची. दात त्रास देतोय म्हणजे नीट स्वच्छ होत नसणार, अशी समजूत. म्हणून कडक ब्रशने त्यालाच जास्त घासायचं. एक दिवस आरशात निरखून पाहिलं. सुळा शेजारच्या दातांच्या मानाने लांब दिसत होता आणि हिरडीलगत नख अडकेल अशी खाच पडली होती. दात काही वाढला नव्हता, हिरडी सरकली होती, आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. ब्रश मऊच घ्या आणि पेनासारखा हलका धरा. महिन्याभरातच त्याचे केस फिसकारले, तर तुमचा हात जड आहे, दुसरा पुरावा नको.

आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करणं ही सज्जन माणसांची चूक. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात, वरचा थर तात्पुरता मऊ पडतो, आणि नेमका तेव्हा आपण ब्रश फिरवतो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. सकाळी लिंबूपाणी घेत असाल तर ब्रश त्याच्या आधी. लिंबू-सोडा किंवा कोळशाची पूड लावून दात पांढरे करण्याचे घरगुती प्रयोग तर सोडूनच द्या.

‘सेन्सिटिव्ह टूथपेस्ट वापरली, काही फरक नाही,’ असं सांगणाऱ्याला मी विचारतो, किती दिवस? उत्तर बहुधा चार-पाच दिवस असतं. यातल्या काही पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नसेला हळूहळू शांत करतं. काहींतले घटक नळ्यांची तोंडं बुजवतात. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, एवढा वेळ द्यावाच लागतो. शिवाय पेस्ट नुसती थुंकायची. खळखळून चुळा भरल्या की औषध बेसिनमध्ये गेलं. चार आठवड्यांनीही उतार नसेल तर पेस्टचा ब्रँड बदलत बसू नका, दात दाखवा. झोपेत दात खायची सवय असेल तर पेस्ट एकटी पुरणार नाही. रात्री दातांवर घालायच्या गार्डबद्दल डेंटिस्टला विचारा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दाताच्या प्रत्येक दुखण्याला ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणणं. गार घोट गिळला आणि काही सेकंदांत कळ गेली, तर ती शिवशिव. घोट गेल्यावरही ठणका रेंगाळतो, गरम लागतं, रात्री झोपमोड होते, तर आतली नस सुजलेली असू शकते. चावताना, किंवा चावून दाब सोडताना एकाच दातात चमक येते, तिथे तडा असू शकतो. गोड फक्त एका दाताला लागतं, तर कीड बघायला हवी. या तिन्हींत पेस्टवर महिना घालवला, की जे कदाचित फिलिंगवर भागलं असतं ते रूट कॅनालवर जाऊ शकतं.

उलट, नवीन फिलिंगनंतर थोडे दिवस गार लागणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. फक्त तोंड मिटताना तोच दात आधी टेकतोय असं वाटलं तर सहन करत बसू नका. फिलिंग उंच राहिलेलं असतं, आणि ते घासून बसवायला डेंटिस्टला पाच मिनिटं पुरतात.